आठ अंशांचा चढ

रविवार, ८ डिसेंबर २०२४, सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटे. या वेळी बदलापूरच्या पुढे, मुळगावच्या बाजूच्या एका मोकळ्या मैदानावर पंचांनी शिट्टी फुंकली आणि अठ्ठावीस मुली पळत सुटल्या. त्यांत माझी नात होती. वेळ मी त्याच क्षणी घड्याळात पाहिली होती, म्हणून नक्की सांगू शकतो. पुढचे समजण्यासाठी मात्र थोडे मागे जावे लागेल.

ती शर्यत जिल्ह्याच्या संघाच्या निवडीची होती. डोंगरी धावण्याच्या राज्य स्पर्धेसाठी सहा मुली घ्यायच्या होत्या. अंतर सहा किलोमीटर. पहिले साडेचार किलोमीटर गावरस्ता आणि शेतांचे बांध, शेवटचे दीड किलोमीटर सरळ टेकडी. आदल्या वर्षी नात सातवी आली होती. सपाटीवर ती तिसरी होती. चढ लागल्यावर चार मुली तिला मागे टाकून गेल्या. जानेवारीत तिला वीस वर्षे पूर्ण होणार होती, म्हणजे कनिष्ठ गटातली तिची ही शेवटची निवड. पुढच्या वर्षी ती मोठ्या गटात गेली असती, आणि तिथे दहा-दहा वर्षे धावलेल्या बायका असतात. हे तिला माहीत होते. मलाही माहीत होते. घरात या विषयावर कोणी बोलत नसे.

अंबरनाथला आमचे तळमजल्याचे घर आहे. राहणारे तिघे: मी, नात आणि सून. मुलगा आखातात नोकरीला असतो, वर्षातून एकदा येतो. सून उल्हासनगरला कॅम्प नं. ३ मध्ये जीन्स शिवण्याच्या कारखान्यात मशीनवर बसते. मी स्वतः आनंदनगरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होतो. साचे तयार करणे आणि मापे तपासणे हे माझे काम. ते मी बत्तीस वर्षे केले. निवृत्तीनंतर माझ्याकडे वेळ होता आणि नातीकडे चढाची अडचण. ती अडचण मी हाती घेतली. कोणी सोपवली नव्हती.

नातीचे प्रशिक्षक बदलापूर गावातल्या जुन्या शेतकरी घरातले. शाळेत खेळ शिकवतात, आणि सकाळी मुलामुलींना घेऊन टेकडीवर जातात. आम्ही त्यांना सर म्हणतो. आदल्या वर्षीच्या त्या सातव्या क्रमांकानंतर ते मला बाजूला घेऊन म्हणाले,

"काका, पोरीच्या पायात दम आहे. पण ती डोंगराशी भांडते."

"म्हणजे?"

"सपाटीवरचंच लांब पाऊल चढावर टाकायला बघते. मग शंभर मीटरमध्ये खलास. डोंगराला काय, तो बसलाय निवांत."

मग त्यांनी तिला चढ शिकवला. पाऊल लहान करायचे, पण पावलांची गती तीच ठेवायची. कमरेत वाकायचे नाही. घोट्यापासून सगळे शरीर किंचित पुढे झुकवायचे. नजर माथ्यावर ठेवायची नाही, पुढच्या पाच-सहा पावलांवर ठेवायची. हात मागे जोराने न्यायचे, पुढे ते आपोआप येतात. आठवड्यातून दोनदा, टेकडीच्या दोनशे मीटरच्या तुकड्यावर सहा वेळा वर पळत जायचे आणि दर वेळी चालत खाली यायचे. मी खाली घड्याळ घेऊन उभा राहत असे. चालत खाली येताना ती माझ्याकडे पाहत असे. मी सेकंद सांगत असे. त्याहून जास्त काही सांगत नसे.

एकदा गवताचा भारा डोक्यावर घेतलेली गावातली एक म्हातारी तिथे थांबली. चौथ्यांदा वर निघालेल्या नातीला तिने हाक मारली, "अगो पोरी, कशाला धावतेस? डोंगर काय पलून नाय जाणार!" नात हसली आणि तिची लय तुटली. त्या फेरीला तीन सेकंद जास्त लागले. मी ते सांगितले. म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "हा कोन, पोलीस हाय का?"

पावसाळ्यात टेकडीची माती साबणासारखी होते. जुलैच्या सुरुवातीला एक मुलगी घसरली आणि तिचे मनगट मोडले. सरांनी टेकडी बंद केली. "आता ट्रेडमिल," ते म्हणाले, "पुढून उचललेली. चढ लावून." बदलापूरच्या जिममध्ये संध्याकाळी इतकी गर्दी असे की नातीच्या वाट्याला यंत्र दहा मिनिटे येई. म्हणून यंत्र घरी आणायचे ठरले.

सुनेच्या कारखान्याच्या मालकाने ओळख दिली. कॅम्प नं. ३ मध्येच एक सिंधी व्यापारी बंद पडलेल्या जिमचे सामान विकत होता. गोदामात तो आम्हाला एका यंत्रापाशी घेऊन गेला आणि पट्ट्यावर हात मारून म्हणाला,

"बाबूजी, ये मशीन नहीं है, घोडा है घोडा. घेऊन जा."

"चढाची मोटर चालते का?" मी विचारले.

"वो बैठ गई है. पण पट्टा बघा ना, एकदम नवा. चढाचं काय, पुढून दोन विटा लाव, हो गया चढ."

सून म्हणाली, "शेठ, घोडा म्हणताय आणि मान तर वर करत नाही."

तो मोठ्याने हसला. "बाबूजी, भाभी को मेरी दुकान पे बिठाओ. सगळा माल महिन्यात खपेल."

यंत्र टेम्पोने घरी आले. बाहेरच्या खोलीत बसवले. पहिल्या दिवशी ते सुरू केले तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यातून वाकून म्हणाल्या, "आजोबा, गिरणी टाकलीत का? दळण आणू?" नातीने आतून ओरडून सांगितले, "आणा काकू, पण जाडंभरडं निघेल!" यंत्राचे ते आमच्या घरातले सर्वांत चांगले दिवस होते.

विटा लावणे मला मान्य नव्हते. वीट झिजते, तिचे कोपरे उडतात, दोन विटा एका मापाच्या नसतात. आनंदनगरमधल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये मी लोखंडी ठोकळ्यांच्या चार जोड्या करून घेतल्या. प्रत्येक ठोकळ्याला यंत्राचा पाय बसेल अशी खाच, खाली रबर. सरांनी वहीच्या कागदावर सरावाचा क्रम लिहून दिला होता. पहिले काही आठवडे चढ दोन, मग चार, मग सहा, शेवटी आठ. आणि प्रत्येकापुढे वेग, मिनिटे, किती वेळा, मध्ये किती विश्रांती. आकड्यांपुढे चिन्ह नव्हते. यंत्राच्या पडद्यावर चढाचा आकडा उमटत नव्हता, कारण ती मोटरच बंद होती. मी माझा जुना कोनमापक काढला. कारखान्यात असताना मी साच्यांचे उतार त्यानेच तपासत असे. पट्ट्यावर तो ठेवून दोन अंशांची जोडी लावली, चारची, सहाची, आठची. एक कलासुद्धा, म्हणजे अंशाचा साठावा भागही, इकडे-तिकडे होऊ दिली नाही. पहिली दुपार त्यातच गेली. त्या दुपारी मला समाधान वाटले होते हे नोंदवले पाहिजे.

चढ दोनला नात सहज धावली. चारला तिला सरांनी लिहिलेला वेग झेपेना. मी वेग कमी करू दिला नाही. दोन आठवड्यांनी तो झेपला. सहाला ती बाजूच्या दांड्या धरू लागली. दांडी धरली की अर्धा चढ हातावर जातो आणि पाय शिकत नाहीत, हे सरांनीच सांगितले होते. मी दोनदा सूचना दिली. तिसऱ्यांदा तिने दांडी धरली तेव्हा यंत्र थांबवले, पाना आणला आणि दोन्ही दांड्या काढून भिंतीला उभ्या केल्या. नात बाजूला उभी राहून पाहत होती. घामाने तिचा टी-शर्ट काळा पडला होता.

सून स्वयंपाकघरातून आली. "बाबा, पोरगी आहे ती. लेथ नाही."

"लेथ निदान वेळ चुकवत नाही," मी म्हणालो.

नात पट्ट्यावर चढली आणि मला म्हणाली, "चालू करा."

त्यानंतर तिने काही धरले नाही. धरायला काही नव्हते.

ऑक्टोबरात टेकडी वाळली. आठवड्यातून एकदा टेकडी आणि दोनदा यंत्र असा क्रम ठरला. पहिल्याच दिवशी दोनशे मीटरच्या त्या तुकड्यावर नातीची वेळ इतकी खाली आली की सरांनी माझ्या हातातले घड्याळ घेऊन स्वतः पाहिले. "काका, काय खायला घालता हिला?" त्यांनी विचारले. पाऊल लहान झाले होते, लय शेवटपर्यंत टिकत होती. ज्या वळणावर ती पूर्वी संपत असे, तिथून आता पुढे जात होती. पद्धत बरोबर आहे याचा याहून चांगला पुरावा मला नको होता. मी घरी आलो आणि आठचे ठोकळे लावले.

यानंतरच्या ज्या गोष्टी मी पाहिल्या त्या लिहितो. त्या वेळी त्या मी फक्त पाहिल्या होत्या.

नोव्हेंबरात ती सकाळी अंथरुणातून उठताना भिंतीला हात लावून चार पावले टाके, मग नीट चाले. विचारल्यावर म्हणाली, झोपेत पाय आखडतो. घरात बामाचा वास येऊ लागला. मी विचारले, "काय झाले?" ती म्हणाली, "काही नाही." आमच्या घरात 'काही नाही' हे पूर्ण उत्तर असते. ते मीच रुजवले आहे. ती पाच वर्षांची असताना फुटलेला गुडघा घेऊन रडत माझ्यापुढे उभी राहिली होती. मी वर्तमानपत्र खाली न घेता 'धुऊन घे' म्हणालो होतो. तिने धुऊन घेतला. पुन्हा कधी दाखवला नाही.

सहा डिसेंबरला आम्ही दरवर्षी दादरला चैत्यभूमीवर जातो. त्या वर्षीही गेलो. रांग नेहमीसारखी लांब होती. मी सत्तर ओलांडलेला माणूस, उभा होतो. नात दोन वेळा रस्त्याच्या कडेला खाली बसली. त्या रांगेत तिला मी कधी बसलेले पाहिले नव्हते. लहान असतानाही ती बसत नसे. सून माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "बसू दे. परवा शर्यत आहे. पाय राखून ठेवतेय." सुनेने मान वळवली. दर्शन घेऊन निघालो तेव्हा नात माझ्या खांद्यावर हात ठेवून चालली. गर्दी आहे म्हणून, असे मला वाटले.

आता त्या रविवारकडे येतो.

शर्यत सुरू होण्यापूर्वी पंचांनी भोंग्यावरून नियम सांगितले. वाटेत कोणत्याही माणसाने धावपटूला हात लावला, पाणी दिले किंवा आधार दिला तर ती मुलगी बाद. दोन्ही बाजूंना चुन्याची रेघ मारली होती. प्रेक्षकांनी तिच्या बाहेर राहायचे. शिट्टी झाल्यावर मी आडवाटेने टेकडीवर जाऊन दुसऱ्या वळणावर उभा राहिलो. तिथून माथा चारशे मीटर. आदल्या वर्षी ती तिथेच मागे पडली होती. सर माथ्यावर होते. सून कामावर गेली होती. तिच्याकडे रविवारी सुट्टी नसते.

सात वाजून पंधरा मिनिटांनी पहिली मुलगी वळणावर आली. मागून दुसरी. मग तिसरी आणि चौथी एकत्र. मी मोजत होतो. पाचवी माझी नात होती. तिच्या मागे सहावी चाळीस-पन्नास पावलांवर, आणि सातवी अजून खालच्या वळणावर. मी हिशेब केला. चारशे मीटर. तिने फक्त आहे तीच लय ठेवायची होती. लय होती. पाऊल लहान, शरीर घोट्यापासून झुकलेले, नजर पुढच्या पाच पावलांवर. सरांनी शिकवलेले सगळे तिच्यात दिसत होते. एकच गोष्ट वेगळी होती. तिची डावी टाच जमिनीला लागत नव्हती.

ती माझ्यापासून दहा-बारा पावलांवर असताना आवाज आला. वाळलेली काठी गुडघ्यावर मोडल्यासारखा. मोठा नव्हता. तिने थांबून मागे पाहिले, जणू कोणीतरी मागून तिच्या टाचेवर मारले होते. मागे कोणी नव्हते. मग ती खाली बसली.

मी चुन्याच्या रेघेपर्यंत गेलो. तिने हात वर केला.

"आजोबा, हात लावू नका."

"काय झालं?"

"हात लावू नका. बाद करतील."

ती उठली. डावा पाय टेकला, तो तिला पेलेना. तिने पाऊल आडवे करून टेकले आणि उजव्या पायाने स्वतःला वर ओढले. मी रेघेच्या बाहेरून तिच्या शेजारी चालू लागलो. आमच्यात एका हाताचे अंतर होते. सहावी मुलगी गेली. नात सहावी झाली. अजून संघात होती. तिला तेही माहीत होते, कारण तिने विचारले, "कितवी?"

"सहावी."

तिने तीन-चार उड्या एका पायावर मारल्या. चढावर एका पायाने उडी मारणे किती अवघड असते हे मी तोपर्यंत पाहिले नव्हते. ती हातांवर पडली. सातवी मुलगी वळसा घेऊन गेली. मग आठवी. नंतर तिने विचारले नाही आणि मीही मोजणे सोडले. माझ्या खिशात पाण्याची बाटली होती. ती द्यायची नव्हती. हात होता, तो द्यायचा नव्हता. सूचना देण्यासारखी एकही गोष्ट मला सुचत नव्हती. तिला जे करता येत होते ते सगळे ती करत होती. मी फक्त चालत होतो. चारशे मीटरला आम्हाला बावीस मिनिटे लागली. वाटेत दोघींनी शर्यत सोडली होती. नात सव्विसावी आली. तिच्या मागे कोणी नव्हते.

माथ्यावर रेघ ओलांडल्यावर मी तिचा दंड धरला. सरांनी तिला पालथे झोपवले, पोटरी दाबून पाहिली, टाचेमागे बोट फिरवले. ती ओठ दाबून होती. सरांनी बर्फ मागवला. मग मला चार पावले बाजूला नेऊन, माझ्याकडे न बघता विचारले,

"काका, शेवटचे आठवडे घरी किती काम झालं?"

"तुम्ही लिहून दिले तेवढेच. आठवर सहा मिनिटे, चार वेळा. एकही दिवस चुकवला नाही."

"आठवर एवढ्यानं असं व्हायला नको." ते विचारात पडले. "मशीन आकडा बरोबर दाखवतं ना?"

"यंत्रावर आकडा दिसत नाही. चढ मी स्वतः लावला आहे. आठ अंश. त्यात चूक नाही."

सरांनी मान वर केली. "अंश?"

"अंश."

ते हळू म्हणाले, "काका, ट्रेडमिलचा चढ टक्क्यांत असतो. शंभर पुढे गेलं की आठ वर. तुम्ही... जाऊ दे. मीच लिहायला पाहिजे होतं."

त्यांनी लिहायला पाहिजे होते हे खरे नाही. मी विचारायला पाहिजे होते. आमच्या कामात उतार अंशांत सांगतात. तो दुसऱ्या कशात सांगत असतील हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. बत्तीस वर्षे लोक माप मला विचारत आले. मी कोणाला विचारले नव्हते. उभ्या-उभ्या मी हिशेब केला. आठ टक्के म्हणजे साडेचार अंशांच्या जरासे वर. आठ अंश म्हणजे चौदा टक्के. सबंध मोसमभर मी तिला पावणेदोनपट चढावर पळवले होते, आणि ते अत्यंत अचूकपणे. तिला झेपेना तेव्हा मी तिच्या दांड्या काढल्या होत्या.

सर म्हणाले, "तिला आत्ता सांगू नका."

सरांनी आणि मी तिला उचलून खाली आणले. रिक्षाने उल्हासनगर गाठले. वाटेत सुनेला फोन केला. ती कारखान्यातून तशीच आली, केसांत सुताचे तुकडे घेऊन. कॅम्प नं. ३ मधल्या हाडांच्या डॉक्टरांनी तपासले, पायाची सोनोग्राफी केली. पोटरीला टाचेशी बांधणारी जी जाड कंडरा असते ती अर्धी फाटली होती. शस्त्रक्रिया बहुधा लागणार नाही, असे ते म्हणाले. सहा आठवडे पाय टेकायचा नाही. पुढे पाहू. सुनेने विचारले, "पळता येईल ना?" डॉक्टर म्हणाले, "आधी चालू द्या." नातीने तो प्रश्न विचारला नाही. ती भिंतीवरच्या हाडांच्या तक्त्याकडे पाहत होती.

खालच्याच दुकानातून कुबड्यांची जोडी घेतली. दुकानदाराने तिची उंची विचारून कोष्टक पाहिले आणि खटक्यांची बटणे नळ्यांवरच्या त्या उंचीच्या भोकांत बसवून दिली.

घरी पोचेपर्यंत दुपार टळली. नात बाहेरच्या खोलीत पलंगावर होती, पाय उशांवर. सुनेने भात लावला. मी पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसलो. सरांनी सांगू नका म्हटले होते. पण चूक झाली की त्याच पाळीत सांगायची, दुसऱ्या दिवसावर ठेवायची नाही, हा नियम मी हाताखालच्या माणसांना घालून दिला होता. तो मला लागू नाही असे म्हणता येत नव्हते.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "यंत्राचा चढ टक्क्यांत लावायचा होता. मी अंशांत लावला."

सून ओट्यापासून वळली. "म्हणजे किती जास्त?"

"पावणेदोनपट."

तिच्या हातातला झारा तसाच राहिला. नात माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होते?"

"जास्त आहे ते. ऑक्टोबरात एका शुक्रवारी आपल्याकडे लाईट नव्हती ना, तेव्हा मैत्रिणीबरोबर बदलापूरच्या जिममध्ये गेले होते. तिथला आठ म्हणजे आपला साडेचार-पाच."

"मग बोलली का नाहीस?"

तिने उशीचा कोपरा नीट केला.

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम जास्त ठेवलाय."

सून पुन्हा ओट्याकडे वळली. भाताला उकळी आली होती, ती झाकण सरकवत राहिली. उत्तर 'नाही' एवढेच होते आणि ते खरे होते. तरी ते तोंडातून निघाले नाही, कारण मला कळले असते तर मी तो चढ मुद्दाम ठेवला असता, हेही तितकेच शक्य होते. ती मला ओळखून होती. तिने मला चुकीचे ओळखले, असे म्हणण्याची सोय मी तिच्यापुढे ठेवली नव्हती.

जेवणे झाली. सरांचा फोन आला. संघातल्या सहा नावांची यादी लागली होती. नातीने ती ऐकून घेतली, "बरं सर" म्हणाली आणि फोन ठेवला. सहावी आलेल्या मुलीला तिने संदेश पाठवला. काय लिहिले ते मी विचारले नाही. मुलाचा आखातातून फोन आला तेव्हा सूनच बोलली. नात पडली एवढेच तिने सांगितले. कसे, ते सांगितले नाही. मी समोर बसलो होतो.

साडेआठच्या सुमारास नातीला न्हाणीकडे जायचे होते. मी कुबड्या तिच्या हातात दिल्या. ती उभी राहिली आणि तिचे खांदे कानांपर्यंत वर गेले. कुबड्यांचे माथे काखेत रुतत होते. सून पुढे आली, पण नातीने मान हलवली. मला उंचीचे कोष्टक आठवत होते, जे दुकानदाराने पाहिले होते ते. कोष्टकाप्रमाणे ते भोक बरोबर होते.

"किती खाली घेऊ?" मी विचारले.

तिने माझ्याकडे पाहिले. "माहीत नाही. एक."

तिला पलंगावर बसवून मी दोन्ही कुबड्या मांडीवर घेतल्या, बटणे दाबली, नळ्या एकेक भोक आत सारल्या. ती उठली, दारापर्यंत गेली, थांबली.

"अजून एक."

मी आणखी एक भोक खाली घेतले, बटणे पूर्ण बाहेर आली आहेत ना ते अंगठ्याने तपासले, आणि मुठींचे नट हाताने घट्ट केले.